सभागृहातल्या माणसांच्या सुगम्यता प्रशिक्षणाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावा?

प्रश्न: एका सांस्कृतिक न्यासाचा व्यवस्थापक, लातूर

आमच्या न्यासाचे 380 आसनांचे सभागृह आहे. नाटके, व्याख्यानमाला, शाळांची स्नेहसंमेलने आणि वर्षातून एकदा दोन दिवसांची संगीत सभा असे कार्यक्रम तेथे होतात. चार वर्षांपूर्वी एका देणगीदाराच्या मदतीने आम्ही प्रवेशद्वाराशी रॅम्प बांधला, 1:12 चा उतार राखला, कठडे लावले आणि काम झाले असे समजून मोकळे झालो. गेल्या संगीत सभेत मात्र एकाच संध्याकाळी दोन प्रसंग घडले. एक ज्येष्ठ अंध रसिक आले असता आमच्या स्वयंसेवकाने अतिशय आदराने "काका, मी नीट ठेवून देतो" असे म्हणत त्यांची पांढरी काठी हातातून काढून घेतली आणि चप्पल-स्टँडजवळ नेऊन ठेवली. मध्यंतरात त्या गृहस्थांना जागेवरून हलता येईना. व्हीलचेअरवरून आलेल्या एका तरुणीला रॅम्पच्या तोंडाशी वीस मिनिटे थांबावे लागले, कारण त्या बाजूच्या दाराला कुलूप होते, किल्ली रखवालदाराच्या खिशात होती, रखवालदार जेवायला गेला होता आणि उतारावर मंडपवाल्याने प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत रचून ठेवली होती.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव ठेवला की मी स्वतः, तिकीट खिडकीवरचे दोघे, रंगमंच व्यवस्थापक, रखवालदार आणि नेहमीचे स्वयंसेवक अशा चौदा जणांचे दोन दिवसांचे रीतसर प्रशिक्षण व्हावे. विरोध कोणीच केला नाही. पण कोषाध्यक्षांनी विचारले की हा खर्च दाखवायचा कुठे आणि पैसा आणायचा कुठून. रॅम्पला देणगीदार मिळतो, कारण त्यावर वडिलांच्या नावाची फरशी बसवता येते. प्रशिक्षणाला फरशी नाही. मानधन, प्रवास, भोजन आणि मजकुराची ब्रेल प्रत धरून माझा अंदाज 45,000 रुपयांचा आहे. शासकीय निधी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी किंवा एखादी शिष्यवृत्ती यांतून हे बसू शकते का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1: निवृत्त लेखाधिकारी, छत्रपती संभाजीनगर

आपल्या कोषाध्यक्षांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना सुरुवात कायद्यापासून करावी, म्हणजे प्रस्तावाला वजन येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 29 मध्ये संस्कृती आणि मनोरंजनाचा स्वतंत्र विचार केलेला असून कला दिव्यांग व्यक्तींना सुगम करणे ही शासनाची जबाबदारी म्हटली आहे. कलम 47 मनुष्यबळ विकासाचे आहे. त्यात प्रशासक, पोलीस, न्यायाधीश यांच्यापासून अभियंते, वास्तुविशारद आणि अंगणवाडी सेविकांपर्यंत अनेकांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख येतो. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचे नाव त्या यादीत नाही, पण "इतर व्यावसायिक" आहेत, आणि प्रस्ताव लिहिताना तेवढा आधार पुरतो. शिवाय राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या नियमांतील नियम 15(1) रद्द ठरवला, कारण त्यात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर राहत होते, आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला. विश्वस्तांना हे जरूर वाचून दाखवावे.

पैशाबाबत माझी सूचना अशी की महापालिकेकडे अर्ज करावा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायची असते. मार्चअखेर ती अखर्चित राहिली म्हणून धावपळ होताना मी अनेक वर्षे पाहिलेली आहे. तुमचा प्रस्ताव डिसेंबरपूर्वी गेला, तर त्याचा विचार होण्यास वाव आहे.

उत्तर 2: दृष्टिबाधित तबलावादक आणि संगीत शिक्षक, परभणी

वरील सूचनेशी मी नम्रपणे पण पूर्णपणे असहमत आहे. तो 5 टक्के निधी आमच्यापैकी कित्येकांना अर्ज, दाखले आणि फेऱ्या करूनही वेळेवर मिळत नाही. त्यातून डोळस व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची बिले निघू लागली, तर उद्या सहायक साधनांसाठी अर्ज करणाऱ्याला "निधी संपला" असे उत्तर मिळेल, आणि कागदोपत्री सगळे दिव्यांग कल्याणच झालेले असेल. रक्कम अखर्चित राहते याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. ती पोहोचवली गेली नाही एवढाच होतो. सभागृह तुमचे आहे, प्रेक्षकांचे स्वागत करण्याची जबाबदारी तुमची आहे, आणि दिव्याचे बिल जसे तुम्ही भरता तसाच हा खर्चही सभागृह चालवण्याचाच आहे.

दुसरे असे की अंदाजपत्रकात मानधन कोणासाठी धरले आहे, हे आपण लिहिलेले नाही. आम्हाला अशा कार्यक्रमांत "दोन शब्द अनुभवाचे" सांगायला बोलावतात, शाल आणि श्रीफळ देतात, टाळ्या होतात आणि परतीच्या रिक्षाचे भाडे आम्ही आपल्या खिशातून देतो. मानधनाचे पाकीट मात्र पुण्या-मुंबईहून आलेल्या डोळस तज्ज्ञांना मिळते. त्या काकांची काठी का काढून घेऊ नये हे शिकवायला तज्ज्ञ कशाला हवा? तिथे अंध माणूसच हवा, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळायला हवेत. एका दिवसाचे प्रशिक्षण आपल्याच भागातल्या दिव्यांग व्यक्तींकडून प्रत्यक्ष सभागृहात करून घ्या: एकाने व्हीलचेअरवरून रस्त्यापासून आसनापर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत जावे, एकाने डोळे न वापरता, एकाने ऐकू न येता तिकीट काढावे, आणि तुमच्या चौदा जणांनी वही घेऊन मागे चालावे.

उत्तर 3: वाळूज येथील एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागातील कर्मचारी

कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपन्यांवर हे दायित्व येते, त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम अनुसूची सातमधील विषयांवर खर्च करावी लागते. आपल्यासाठी त्यात दोन दारे आहेत: एक कला, संस्कृती आणि वारसा यांचे, दुसरे शिक्षण आणि दिव्यांगांच्या कौशल्यवृद्धीचे. माझ्या अनुभवात संस्था पहिल्या दाराने येतात आणि महोत्सवाच्या फलकावर कंपनीचे नाव देऊ करतात, त्यामुळे तो विषय जाहिरातीसारखा दिसून मागे पडतो. तुम्ही दोन्ही दारे जोडा. म्हणजे परभणीच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे दिव्यांग प्रशिक्षक तयार करणे, त्यांना मानधन देणे आणि लातूर परिसरातल्या चार-पाच सभागृहांच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याकडून प्रशिक्षण देणे, असा एकच प्रकल्प लिहावा. एका न्यासाच्या चौदा माणसांसाठी 45,000 मागितले, तर फाइल वाचलीही जाणार नाही. पाच सभागृहांसाठी अडीच लाख मागितले तर बैठक लागेल. हे विचित्र वाटेल, पण छोट्या प्रकल्पालाही तपासणी आणि अहवालाची कागदपत्रे तितकीच लागतात.

एक गैरसमज येथेच दूर करते. "प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून प्रशिक्षण बसत नाही," असे अनेक संस्थांना सांगितले जाते. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या दायित्व विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाची आहे. प्रशिक्षण हाच प्रकल्प असेल, तर प्रशिक्षकाचे मानधन हा प्रकल्पखर्चच ठरतो. न्यासाकडे प्राप्तिकर कायद्याखालील 12अ (न्यासाच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80ग (देणगीदाराला करसवलत) नोंदणी असावी आणि सामाजिक दायित्वाचा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीचा सीएसआर-1 अर्ज भरून क्रमांक घेतलेला असावा. त्याशिवाय कंपनी आपल्यामार्फत खर्च करू शकत नाही. कंपन्या आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य देतात, तेव्हा वाळूज-शेंद्र्याकडे येण्याआधी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करावी.

उत्तर 4: नाट्यकार्यकर्ता, नांदेड

थोडी भर घालतो. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचा "लीड" नावाचा उपक्रम नेमका कला-व्यवस्थापकांच्या सुगम्यता प्रशिक्षणासाठी आहे, पण आपल्याकडून तिथे जाणे हा वेगळाच खर्च होईल. ब्रिटनमध्ये अल्पकाळ जाऊन अभ्यास करू इच्छिणाऱ्या भारतीय कला-व्यवस्थापकांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टचे अर्थसाहाय्य असते. एखाद्या तरुण सहकाऱ्याने अर्ज जरूर करावा. मात्र त्यातून रखवालदाराचे प्रशिक्षण होत नाही, आणि किल्ली त्याच्याच खिशात आहे.

जवळचा पर्याय पाहायचा तर सांकेतिक भाषेसाठी दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आणि मुंबईची, वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहेत. अली यावर जंग संस्थेचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे, बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्थाही तिथेच आहे, आणि आम्हा नांदेडकरांना तर ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते. मराठवाड्यातली माणसे प्रशिक्षण म्हटले की रात्रीची गाडी धरून पश्चिमेकडेच का जातात, हे मला कधी कळलेले नाही.

प्रश्नकर्ता पुन्हा

सर्वांचा आभारी आहे. परभणीच्या सरांचा आक्षेप मी कार्यकारिणीत शब्दशः वाचून दाखवला आणि महापालिकेच्या निधीचा विषय आम्ही सोडून दिला. पहिल्या दिवसाचे प्रशिक्षण न्यासाच्या खर्चाने जानेवारीत होईल. प्रशिक्षक तिघेही दिव्यांग असतील आणि प्रत्येकी 3,000 रुपये मानधन, शिवाय प्रवासखर्च आगाऊ दिला जाईल. कोषाध्यक्षांनी त्यासाठी "सभागृह देखभाल" याच शीर्षाखाली "सुगम्यता" असे उपशीर्ष उघडले आहे. उदगीर आणि अंबाजोगाईच्या दोन संस्थांनी सामायिक प्रकल्पाला तोंडी होकार दिला आहे, अजून दोन हव्या आहेत. आमची 12अ नोंदणी आहे, 80ग ची मुदत मात्र संपलेली निघाली, त्यामुळे कंपनीकडे जाण्याआधी ते काम करावे लागेल.

रॅम्पच्या दाराची किल्ली आता तिकीट खिडकीत खिळ्याला टांगलेली असते. मंडपवाल्याने परवा पुन्हा खुर्च्या तिथेच रचल्या होत्या. जानेवारीच्या प्रशिक्षणाला त्यालाही बोलावले आहे, म्हणजे आता आम्ही पंधरा झालो.