जुनी गाडी, मित्र आणि अंगणात केलेली सर्व्हिसिंग: तुमचे अनुभव लिहा

काल संध्याकाळी खाली कुणीतरी यामाहा आरएक्स १०० ला किक मारली आणि मी चहा तसाच ठेवून गॅलरीत गेलो. २००४ ची दिवाळी आठवली. भोरजवळ मित्राचं गाव, त्याच्या वडिलांची ९१ ची आरएक्स, ते गेल्यापासून चार वर्षं गोठ्यात उभी. आम्ही दोघांनी अंगणात पोतं अंथरून खोलली. टाकीत गंज, मग डिझेल आणि मूठभर नट टाकून दोघांनी दोन बाजूंनी धरून खळखळवली. कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) पार बुजलेलं, वायरीतली तांब्याची बारीक तार घालून मोकळं केलं (पिन घालू नका, भोक मोठं होतं). सायलेन्सरची आतली नळी कार्बनने इतकी भरलेली की बंबाखाली टाकून जाळली. ऑइल पंपावर भरवसा नव्हता म्हणून पहिल्यांदा पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलं. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ढकलत चालू झाली, अंगणभर निळा धूर, आणि काकू दिवा लावत होत्या त्या तशाच पणती हातात घेऊन बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत. सीटवरून हात फिरवला फक्त. दुसऱ्या दिवशी नीरा देवघरच्या कडेने वरंधा घाट, भातकापणी चाललेली, वाघजाईच्या देवळापाशी भजी.

तुम्हीही लिहा.

काकूंचं वाचून थांबलेच. आमच्याकडे बाबांची बुलेट होती, गिअर उजवीकडे ब्रेक डावीकडे. बाबा आणि त्यांचे मित्र रविवारी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ करायचे, बॅटरी धरायला मी. किक कशी मारायची ते मला तेव्हाच शिकवलं, अँपिअरचा काटा मध्ये आणायचा, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून किक जराशी पुढे न्यायची, सोडायचं आणि मग पूर्ण. आठवीत असताना पहिल्यांदा जमलं तेव्हा बाबांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं 😊 कुकर झाला, येते नंतर

येझदीवाले आहेत का कोणी? किक आणि गिअरचा दांडा एकच. कराडहून मी आणि दोस्त पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरून चिपळूणला निघालो, हेळवाकच्या अलीकडे बंद. प्लग काळाकुट्ट ओला. पॉलिश पेपरने घासला, माचिसच्या काडीने वाळवला, निघालो. तेव्हापासून स्पेअर प्लग आणि पाना शर्टाच्या खिशात, बायको म्हणते पेन ठेवतात लोक.

वाघजाईची भजी अजून मिळतात का हो? माकडं फार तिथे.

मिळतात दादा. पण पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवतात, चौकशी करून जा.

टाकीत नट टाकणाऱ्यांनी मोजून टाका आणि मोजून काढा. आमचा एक राहिला होता, महाड येईपर्यंत खडखड आवाज कुठून येतोय ते शोधत होतो.

+१ नटाला

माझा अनुभव कडू आहे. एका गॅरेजवाल्याकडे आठवडाभर गाडी ठेवली आणि परत आली तर ओरिजिनल कार्बोरेटर गायब, जागी डुप्लिकेट. बारा वर्षं झाली अजून जीव जळतो. म्हणून मित्रासोबत अंगणात बसून करणंच बरं, वेळ लागू दे.

भावा वाईट वाटलं वाचून. जपून ठेवलेला पार्ट असा जातो म्हणजे काय.

ताई कुकर झाला तर बुलेटचं पुढे लिहा की, बाबांनी विकली का ठेवली?

आहे! भावाकडे, साताऱ्याला. गेल्या महिन्यात आम्ही दोघं यवतेश्वरवरून कासला जाऊन आलो, किक मीच मारली.

(धागाकर्ता) तुमचं सगळं वाचून रात्री मित्राला फोन केला, एरवी दिवाळीलाच बोलणं होतं. आरएक्स अजून तिथेच आहे म्हणे, क्रँकचे ऑइल सील गेलेत, पांढरा धूर मारते. मी शनिवारी जातोय. सील चांगले कुठे मिळतील?

पुण्यात नाना पेठेत बघ. मॅग्नेट बाजूचा आणि क्लच बाजूचा दोन्ही घे, एक बदलून भागत नाही.