लेकराला विहिरीत टाकून भीती जात नसते

गोदाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "पाच वर्षांचं लेकरू पाण्याला भितं? कमरेला दोर बांधा अन् विहिरीत सोडा." वाचून राहवलं नाही. गार पाण्यात अचानक पडलं की लेकरू आधी जोरात श्वास ओढतं. त्याच वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट घशात. मग ते आंघोळीलाही भितं.
भीती घरीच मोडा. मग्यानं पाणी आधी खांद्यावर, मग मानेवर, मग डोक्यामागून; कपाळावरून सगळ्यात शेवटी. ओतायच्या आधी दर वेळी "एक, दोन, तीन" म्हणा, श्वास धरायला कळतं. टॉवेल लगेच देऊ नका, पाणी निथळू द्या. मग घंगाळात तोंड घालून बुडबुडे. नाकात पाणी जात असेल तर तोंड मिटून "म्म्म" करायला लावा. हवा नाकातून बाहेर येते, पाणी आत शिरत नाही.

परभणीकर: दादा, मग्यानं पोहणं येतं का? आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या विहिरीतच शिकल्या. पाठीला वाळका भोपळा बांधा. तो वर, फऱ्यांच्या मधोमध बसला पाहिजे. कमरेकडं घसरला की बूड वर अन् तोंड पाण्यात. भोपळा नसला तर घट्ट झाकणाचा 5 लिटरचा कॅन, साधारण 5 किलो भार उचलतो. रोज त्यात थोडं पाणी भरत जा, तेवढा आधार कमी होतो.

गोदाकाठ: कॅनचं पटलं. ढकलण्याचं नाही.

जालन्याची माय: विहीर की घंगाळ म्हणून भांडायलात, मे महिन्यात विहिरीत पाणी असतं का? 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. उन्हाळ्यात पाणी दिसतं ते शेततळ्यात, अन् लेकरं तिथंच उतरतात. 30 बाय 30 मीटरचं तळं, 3 मीटर खोल, उतारावर प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही, कारण पायाला पकडच नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून तळापर्यंत सोडा. काठाला हवा भरलेली ट्यूब ठेवा, भोवती जाळी मारा.

परभणीकर: ताई, विषय भीतीचा होता, तुम्ही जाळीवर गेलात.

जालन्याची माय: विषय तोच आहे! भीती गेली पण पोहणं आलं नाही, असं लेकरूच सगळ्यात आधी तळ्यात उतरतं. घरातलं घंगाळसुद्धा काम झालं की उपडं घाला, लहानग्याला वीतभर पाणी बुडवतं.

परभणीकर: बरं, ढकलू नये, एवढं मान्य. पण विहीर सोडणार नाही. पायऱ्यांची बारव असेल तर शेवाळ घासून काढा, मोठ्या माणसानं लेकराच्या खालच्या पायरीवर उभं राहावं. आधी घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कमरेएवढं. ओठ निळे पडले की बाहेर.

गोदाकाठ: हे चालेल. पण उताणं तरंगवायच्या आधी कान भिजायची सवय घरीच लावा. कानात पाणी गेलं की लेकरू डोकं उचलतं, डोकं उचललं की पाय खाली जातात. मग हात पाठीखाली असला तरी ते तुमच्या गळ्यालाच लटकतं.