विमान बदलण्यापुरते थांबलेल्या प्रवाशाला मधल्या देशाचे साथ-नियम लावावेत का?

घोडबंदरकर (ठाणे):
कोविडच्या काळात परदेशी निघालेल्या अनेकांना मुक्कामाच्या देशापेक्षा वाटेतल्या देशाच्या नियमांनी अधिक छळले. जो प्रवासी विमानतळाबाहेर पडत नाही आणि इमिग्रेशनही ओलांडत नाही, त्याला मधल्या देशाने स्वतःची वेगळी चाचणी, वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत लावू नये, अंतिम मुक्कामासाठी लागणारे कागद पुरेसे मानावेत, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये चाचणी सक्तीची केली, तेव्हा एक शहाणपणाची तरतूद ठेवली होती. सगळा प्रवास एकाच आरक्षणावर असेल आणि कोणताही थांबा चोवीस तासांहून लांब नसेल, तर तीन दिवसांची मुदत पहिल्या विमानापासून मोजली जाई. तीच मुदत शेवटच्या उड्डाणापासून मोजली, तर ठाण्यात वेळेवर काढलेला अहवाल वाटेतच बाद होतो. माझ्या सत्तरीतल्या मावशींना वाटेतल्या देशाचा अर्ज भरलेला नाही, एवढ्या कारणावरून मुंबईच्या चेक-इन काउंटरवरून परत पाठवले गेले. तो अर्ज लागेल, हे तिकीट विकताना त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

सीवूड्सचा वाचक:
आपल्या मावशींना झालेला त्रास अन्यायकारकच होता, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पुढचे विमान रद्द झाले की ट्रान्झिटमधला प्रवासी शहरातल्या हॉटेलात जातो, आणि त्या क्षणी त्याची जबाबदारी त्या देशाच्या आरोग्य यंत्रणेवर येते. शिवाय तो विमानतळावर असेपर्यंतही सफाई कर्मचारी, सुरक्षा रक्षक आणि उपाहारगृहातली माणसे त्याच्याच संपर्कात असतात, आणि संध्याकाळी ती आपापल्या घरी जातात.

कोपरखैरणे १९:
सगळे थांबे सारखे नसतात, हे दोघांच्याही मांडणीत राहून गेले आहे. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर बहुधा सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेशच करावा लागतो. अमेरिकेत तर केवळ विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशन चुकत नाही. फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला जाणाऱ्याची शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचे सामाईक प्रवेशक्षेत्र) तपासणी फ्रँकफर्टलाच होते. काउंटरवरचा कर्मचारी हे सगळे टिमॅटिक या माहितीकोशात पाहतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला, तर त्याला परत आणण्याचा भार आणि अनेक देशांत दंडही विमान कंपनीवर पडतो, म्हणून शंका आली की तो प्रवाशाला थांबवतो.

घोडबंदरकर (ठाणे):
मावशींचे तिकीट एकच होते आणि सामान थेट शेवटच्या विमानतळावर मिळणार होते, त्यामुळे हा मुद्दा त्यांना लागू होत नाही. पीतज्वराचा आपलाच नियम पाहा. बाधित देशातून येणाऱ्याकडे भारत लसीचे प्रमाणपत्र मागतो, पण जो तिथे केवळ विमान बदलण्यासाठी थांबला आणि विमानतळाच्या आवारातच राहिला, त्याला आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सूट मिळू शकते. साथीच्या नियमांत हा भेद इतकी वर्षे चालत आला आहे, मग कोविडमध्येच तो का पुसला गेला?

सीवूड्सचा वाचक:
कारण पीतज्वर डासांमुळे पसरतो, आणि कोविड एकाच दालनातल्या श्वासातून. ओमिक्रॉन आला तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये भारतानेही जोखमीच्या देशांतून आलेल्यांना चाचणीचा निकाल येईपर्यंत पुढचे जोडविमान घेऊ दिले नव्हते. ती खबरदारी आपल्याला योग्य वाटत असेल, तर दुसऱ्या देशाने घेतलेली खबरदारी छळ कशी ठरते?

घोडबंदरकर (ठाणे):
ते प्रवासी भारतात प्रवेश करून देशांतर्गत विमानाने पुढे जाणारे होते. मी बोलतो आहे ते प्रवेशच न करणाऱ्यांबद्दल. मात्र विमान रद्द होण्याचा आपला मुद्दा मी गंभीरपणे घेतो. तशा वेळी त्या देशाने चाचणी तिथेच करावी, आणि तिचा खर्च विमान कंपनीने सोसावा.

ऐरोलीकर:
नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. उद्या परदेशातून परदेशात जाणारे प्रवासी तिथे विमान बदलू लागतील, तेव्हा हाच प्रश्न यजमान म्हणून आपल्यासमोर असेल, आणि तिथे काम करणारी माणसे उलवे-पनवेलचीच असतील. मी सीवूड्सच्या वाचकांच्या बाजूने आहे. मात्र एकच तिकीट विकणाऱ्याने वाटेतल्या प्रत्येक थांब्याचे नियम पैसे घेण्यापूर्वी प्रवाशाला त्याच्या भाषेत लेखी द्यावेत आणि नियम बदलल्यास पूर्ण परतावा द्यावा, हे बंधनकारक असायला हवे. घोडबंदरकर, एवढे झाले असते, तर आपली हरकत उरली असती का?