मूडलवरचा कोर्स: टप्प्याटप्प्याला कुलूप हवं की पहिल्या दिवसापासून सगळं मोकळं?

पेठकर

मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात मागचा भाग पूर्ण होईपर्यंत पुढचा बंद ठेवता येतो. माझं मत या कुलपाच्या बाजूने आहे. बोलायला सोपं जावं म्हणून एक कोर्स समोर ठेवू: जॅकार्ड डिझाइन (मागावर विणायची नक्षी), १२ आठवडे, ६० जण. निम्मे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळीवर काम करणारे, बाकीचे बार्शी, मोहोळ, सांगोल्याकडचे.

बाराही भाग एकदम उघडे ठेवले की सगळे थेट सहाव्या भागावर उडी मारतात, कारण चादरीचं डिझाइन ग्राफवर उतरवणं तिथे आहे. फणीचा, म्हणजे उभे धागे ओवायच्या मागावरच्या कंगव्याचा, हिशेब मागे राहतो. स्टॉकपोर्ट पद्धतीत ४८ नंबरची फणी म्हणजे २ इंचांत ४८ घरं. घरात २ धागे घेतले तर इंचाला ४८ उभे धागे, ६० इंच रुंदीला २,८८०. हे पक्कं नसेल तर ग्राफ कितीही सुबक काढा, मागावर बसणार नाही. पुढचं मागच्यावर उभं आहे, म्हणून कुलूप.

बांधणी अशी करावी. कोर्सच्या सेटिंगमध्ये कम्प्लिशन ट्रॅकिंग, म्हणजे कोणी काय पूर्ण केलं याची नोंद, आधी ‘हो’ करा. ते बंद असेल तर पुढे ‘ॲक्टिव्हिटी पूर्ण झाली’ ही अट यादीत दिसतच नाही. फॉरमॅट विषयवार ठेवा. साप्ताहिक फॉरमॅटमध्ये भागांच्या तारखा कोर्सच्या आरंभतारखेवरून ठरतात, आरंभ चार दिवसांनी पुढे गेला की बाराही मथळे सरकतात. प्रत्येक भागाच्या शेवटी १० गुणांची क्विझ, उत्तीर्ण गुण ६, आणि पुढच्या भागाच्या रिस्ट्रिक्ट ॲक्सेसमध्ये, म्हणजे भाग कधी उघडायचा त्या अटींमध्ये, ती क्विझ उत्तीर्ण होण्याची अट. अटीशेजारचा डोळा उघडा ठेवा, म्हणजे भाग फिकट दिसतो आणि का बंद आहे तेही वाचता येतं. डोळा मिटला की भागच गायब, आणि मग ‘सर, तिसरा भाग टाकलाच नाही का?’ असे फोन सुरू होतात.

मोकळा_धागा

पेठकर सर, हिशेब बरोबर आहे, पण शिकणारा माणूस कोण ते तुम्हीच वर लिहिलं आणि पुढे विसरलात. दुसऱ्या पाळीचा कामगार रोज थोडं थोडं शिकत नाही. त्याला सुट्टीच्या दिवशी चार तास मिळतात. त्या दिवशी वाय-फायवर तो मूडलच्या ॲपमध्ये तीन भाग उतरवून घेईल आणि आठवडाभर बिननेटचे वाचेल. कुलूपबंद भाग ॲपमध्ये उतरवता येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी ऑनलाइन कोर्स काढला, त्याचीच वाट तुम्ही अडवता.

क्विझचंही तेच. ॲपमधून बिननेटची क्विझ देता येते, पण ती सोय क्विझच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते, वेळमर्यादा लावता येत नाही आणि उत्तराचा निकाल शेवटीच मिळेल अशी पद्धत, म्हणजे डिफर्ड फीडबॅक, ठेवावी लागते. वर नेट येऊन उत्तरं सिंक होईपर्यंत कुलूप उघडणार नाही. रात्री पाठ संपवला, क्विझ दिली, आणि पुढचा भाग तरीही बंद.

शिवाय दहा वर्षं मागावर उभा असलेला माणूस फणीचा नंबर तुमच्या-माझ्याआधी सांगेल. त्याला पहिले दोन भाग सक्तीने का?

माझा पर्याय: सगळे भाग उघडे, शिस्त तारखांची. असाइनमेंटमध्ये ड्यू डेट आणि कट-ऑफ डेट वेगळ्या असतात. ड्यू डेट उलटली तरी काम घेतलं जातं, त्यावर ‘उशिरा’ असा शेरा येतो. कट-ऑफनंतर दारच बंद. दोन्हींत ७ दिवसांचं अंतर ठेवा. आणि तारखा सोलापूर बघून लावा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, त्या आठवड्यात एकही कट-ऑफ नको. आषाढी जवळ आली की पालख्या माळशिरस तालुक्यातून पंढरपूरकडे येतात, रस्ते आणि एसटी दोन्ही त्यात गुंततात. तिकडच्या मुलांना त्या काळात मुदतीत धरणं अन्याय आहे.

केगाव_रोड

मी दोन्ही बाजूंना थोडं नाराज करणार आहे. कुलपाची कल्पना बिघडत नाही, बिघडतं ते बसवण्यात. नेहमी अडतं ते इथे:

असाइनमेंटमध्ये ‘विद्यार्थ्याने सबमिट बटण दाबणं आवश्यक’ हे चालू असेल तर नुसती फाइल चढवून काम मसुद्यातच राहतं. विद्यार्थ्याला वाटतं दिलं, मूडलला वाटतं दिलं नाही, आणि पुढचा भाग बंद.

त्याहून वाईट, शिक्षकाने गुण देण्यावर कुलूप टांगणं. ६० ग्राफ तपासायला आठ दिवस लागले तर ६० जण आठ दिवस थांबले. कुलूप आपोआप तपासल्या जाणाऱ्या क्विझवरच हवं. ग्राफच्या असाइनमेंटवर कधीही नको.

अटीत वापरलेली क्विझ कोणी ‘जुनी झाली’ म्हणून पुसली, तर अटीत ‘मिसिंग ॲक्टिव्हिटी’ असं उरतं आणि त्यापुढे कोणीच जाऊ शकत नाही. पुसण्याआधी पुढच्या भागाची अट बदला.

कोर्स चालू असताना कम्प्लिशनच्या अटी बदलायला गेलात की मूडल आधी ‘अनलॉक’ करायला सांगतं. अनलॉक करून सेव्ह केलं की त्या ॲक्टिव्हिटीची सगळ्यांची पूर्णतेची नोंद पुसली जाते आणि जमेल तेवढीच नव्याने मोजली जाते. विद्यार्थ्याने स्वतः हाताने केलेली खूण परत येत नाही. म्हणून अटी पहिला विद्यार्थी आत येण्याआधी पक्क्या करा.

आणि ‘स्विच रोल’ करून विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिलं, एवढ्यावर विसंबू नका. एक चाचणी विद्यार्थी खातं काढा, वेगळ्या ब्राउझरमधून पहिल्या भागापासून शेवटपर्यंत चालून पाहा. दोन तास जातात, पण पुढच्या बारा आठवड्यांचे फोन वाचतात.

मोकळा_धागा

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. इतक्या ठिकाणी अडकणारं यंत्र लावायचंच कशाला?

वर्गाबाहेर

कारण उघड्या कोर्समध्येही माणसं अडकतात, मोकळा धागा. फक्त ते अडकणं आपल्याला दिसत नाही. आठव्या भागात गोंधळलेला माणूस तक्रार करत नाही, तो लॉगिन करणंच थांबवतो. क्विझमध्ये नापास झालेला निदान रिपोर्टमध्ये दिसतो, त्याला फोन करता येतो.

पण पेठकर सर, ६ गुणांचं फाटक लावायचं तर प्रश्नसंच जाड हवा. दहाच प्रश्न असतील तर पहिल्या दिवशी उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतील. प्रश्नपेढीत प्रत्येक भागाचे किमान ३० प्रश्न आणि क्विझमध्ये त्यांतले १० रँडम. धाग्यांच्या हिशेबाला कॅल्क्युलेटेड प्रकार घ्या: फणीचा नंबर आणि रुंदी प्रत्येकाला वेगळी येते, सूत्र एकच. तिथे सूचनेत ठळक लिहा की उत्तर इंग्रजी अंकांतच टाइप करायचं. मराठी कीबोर्डवरून टाकलेले २८८० मूडल संख्या म्हणून धरत नाही, आणि बरोबर उत्तराला शून्य मिळतो. शिकणाऱ्याचा त्या क्विझवरचा विश्वास तिथेच संपतो.

केगाव_रोड

अंकांचा विषय निघालाच आहे तर नोंदणीचंही सांगतो. ६० नावं सीएसव्हीने (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या यादीच्या फाइलने) चढवताना एक्सेलमध्ये साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) १५ अंकांहून मोठा असेल तर एक्सेल पुढचे अंक शून्य करतं. तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग आकडे टाका. कोर्सच्या कॉलममध्ये कोर्सचं संक्षिप्त नाव हुबेहूब लागतं, पूर्ण नाव चालत नाही.

पेठकर

तीन गोष्टी मान्य. ग्राफच्या असाइनमेंटवरचं कुलूप काढतो, प्रश्न ३० करतो, अंकांची सूचना घालतो. पण फणीच्या हिशेबावरचं कुलूप राहील.

मोकळा धागा यांच्या अनुभवी कामगाराचं उत्तर मात्र मूडलमध्येच आहे. अटींच्या संचात ‘सगळ्या’ऐवजी ‘यापैकी कोणतीही एक’ निवडायचं आणि आत तीन अटी ठेवायच्या: भाग २ ची क्विझ उत्तीर्ण, किंवा कोर्सच्या दारातली पूर्वचाचणी १० पैकी ८, किंवा ‘सूट’ या गटाचा सदस्य. जाणकार माणूस पूर्वचाचणी देऊन पहिल्याच दिवशी तिसऱ्या भागात. ज्याची क्विझ सिंक व्हायची राहिली, ज्याच्या गावी नेट नाही, त्याला शिक्षकाने ‘सूट’ गटात टाकलं की काम झालं. अट एकदाच लावायची, नंतर फक्त गटात माणसं घालायची. त्यामुळे अनलॉक करून नोंदी पुसण्याची वेळही येत नाही.

मोकळा_धागा

पूर्वचाचणी मला पटली. ‘सूट’ गट पटला नाही, कारण सूट कोणाला द्यायची हे शिक्षकाच्या मर्जीवर जातं. जो फोन करतो त्याला मिळते, जो लाजतो तो कुलपाबाहेर उभा राहतो. त्यापेक्षा क्विझला ३ प्रयत्न द्या, दोन प्रयत्नांमध्ये ३० मिनिटांची सक्तीची थांबणूक ठेवा, आणि कम्प्लिशनमध्ये ‘उत्तीर्ण किंवा सगळे प्रयत्न संपले’ हा पर्याय घ्या. पुढच्या भागाच्या अटीत ‘उत्तीर्ण होऊन पूर्ण’ नको, नुसतं ‘पूर्ण’ ठेवा. नाहीतर या पर्यायाचा उपयोग शून्य. तिन्ही वेळा नापास झाला तरी दार उघडेल, आणि तो नापास आहे हे रिपोर्टमध्ये दिसेलच. वर्गाबाहेर म्हणतात तसा त्याला फोन करा. पण फोन आपण करायचा, त्याने नाही.

पेठकर

३ प्रयत्नांचं घेतो. ‘सूट’ गट फक्त नेटच्या अडचणीपुरता ठेवतो आणि तो कोणाला मिळतो हे कोर्सच्या पहिल्या पानावर लिहितो, म्हणजे कोणाला विचारायची लाज वाटायला नको.