बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचून घाबरले. याला देवाचं बोलावणं म्हणायचं का?

नानापेठकरीण
सगळ्यांना सलाम. मी एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरला आहे. आमच्या पाळकसाहेबांनी विचारलंय, बुधवारी दुपारी ससूनला बायकांच्या वॉर्डात भेटी द्यायला एक गट जातो, त्यात याल का. मी म्हटलं, प्रार्थना करून सांगते. आपल्या मंडळीत याचा अर्थ बहुतेक वेळा "नाही" असतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्यातच रविवारी वाचनाची पाळी माझी आली आणि निघाला नेमका यशया 6. उज्जीया राजा मेला त्या वर्षी यशयाला झालेलं दर्शन. उंच सिंहासन, नुसत्या झग्याच्या घोळाने भरून गेलेलं मंदिर, सहा पंखांचे सराफीम, म्हणजे स्वर्गातले देवाचे सेवक. दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, उडायला उरले दोनच. त्यांच्या "पवित्र, पवित्र, पवित्र"ने उंबरठे हादरतात, सगळीकडे धूर. हेच शब्द प्रभुभोजनाच्या वेळी आपण दर खेपेला म्हणतो, तेव्हा माझं अर्धं लक्ष घरी जाऊन कुकर लावायचाय यात असतं. त्या दिवशी मात्र यशयाचं "मी अशुद्ध ओठांचा" हे माइकवर माझ्याच तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला. दिवसभर या तोंडातून काय निघतं? "डिपॉझिट भरा, मग फाइल पुढे जाईल." "टीपीएची, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीची, क्वेरी आलीय, आज डिस्चार्ज नाही." समोरचा रडत असतो आणि मी स्क्रीनकडे बघून बोलते. त्याच्याकडे बघितलं तर मलाही रडू येईल आणि मागची लाइन खोळंबेल.

मला दर्शन झालेलं नाही, आवाज आलेला नाही. वाटली ती नुसती भीती. ज्याला बोलावणं असतं त्याला ओढ वाटते ना? कृपया "भगिनी, विश्वास ठेवा" एवढंच लिहू नका.

निवृत्त मास्तर
ताई, उज्जीयाचं नाव तिथे फक्त साल कळावं म्हणून आलेलं नाही, असं माझं मत. साल म्हणाल तर इ.स.पू. 740 च्या आसपासचं. पण बायबलमधलं 2 इतिहास 26 काढा. सोळाव्या वर्षी गादीवर बसला, 52 वर्षं राज्य केलं, बुरूज बांधले, हौद खोदले, शेतीची मनापासून आवड. मग डोक्यात हवा गेली. धूप जाळायचं काम याजकांचं, हा स्वतःच धुपाटणं घेऊन मंदिरात शिरला. 80 याजक आडवे आले तरी ऐकेना, उलट त्यांच्यावरच चिडला. तिथेच कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. लेवीय 13 चा नियम असा की कोड झालेल्याने वरचा ओठ झाकून "अशुद्ध, अशुद्ध" ओरडायचं.

आता यशया बघा. तोही आपले ओठ अशुद्धच म्हणतो. राजा हक्काने आत गेला आणि डाग घेऊन बाहेर आला. यशयाने हक्क सांगितलाच नाही, तर वेदीवरचा निखारा त्याच्याकडे चालत आला. सराफीमसुद्धा तो वेदीवरून चिमट्याने उचलतो. आणि लावतो कुठे, तर ओठांनाच. तेव्हा आधी भीती वाटली म्हणून नाव खोडू नका. त्या अध्यायाचा क्रमच तसा आहे.

"कोणाला पाठवू?" हा देवाचा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्यात कुणाचंही नाव नाही. मोशेला नावाने हाक आली, शमुवेलाला आली. यशयाच्या नुसतं कानावर पडलं. म्हणून तुमच्या नावाने आवाज आला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पाळकांनी विचारलं, तेवढं पुष्कळ.

आणि हो, तुमचं वाचन 8 व्या वचनाला संपलं असेल. नेमलेलं वाचन बहुधा तिथेच संपतं. पुढची 9 ते 13 घरी वाचा, जायचं कुठे आहे ते तिथे कळतं.

कॅम्पातला
मास्तर, सगळं मान्य, पण भीतीचे फार लाड नकोत. आणि "मला प्रभूने सांगितलं" म्हणणारे पुण्यात पैशाला पासरी, त्यातले निम्मे माइक सोडत नाहीत. मला पंडिता रमाबाई पटतात. 1890 मध्ये त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्याला आली, हाताशी कामाचा डोंगर होताच. 1896 चा दुष्काळ पडल्यावर त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या, पुढे केडगावला त्यांची सोय केली. स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले, त्यामुळे भूक काय असते हे त्यांना कुणी समजावायला नको होतं. ताई, काउंटरवर रडणाऱ्याकडे बघत नाही म्हणता, पण न बघता असं लिहिता येत नाही.

वॉर्डातली मावशी
मी जाते त्या गटात, म्हणून सांगते. आधी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारायचं, मग आत. कॉटवर बसायचं नाही. पत्रकं वाटायची नाहीत. प्रार्थना करू का, विचारायचं. नको म्हणाली तर पाणी आणून द्या, घरी फोन लावून द्या. तेवढ्यानेही बरं वाटतं त्यांना.

पण मला एक सांगा, तुम्हाला बिलिंगचं कळतं ना? अहो, निम्म्या बायकांचं दुखणं तेच असतं. कुठला कागद कुठल्या खिडकीवर, केशरी रेशनकार्ड चालतं का, फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का. आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतो.

नानापेठकरीण
योजनेचे कागद मला पाठ आहेत, झोपेत विचारा. हे तिथे कामाला येईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मास्तर, 9 ते 13 वाचलं. लोक ऐकतील पण त्यांना समजणार नाही, आणि हे कुठवर, तर नगरं ओसाड पडेपर्यंत! हे नंतर सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. असो, बुधवारचा हाफ डे टाकलाय, पाळकांना फोन केलाय. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, खरंच?

मावशी, किती वाजता आणि कुठे भेटायचं?

वॉर्डातली मावशी
तीनला. जागा मेसेजमध्ये कळवते. जेवून या, आणि पेन आणा, आमच्याकडे कधीच नसतं.