अकरावी सायन्स: पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो) की चारही?

लांज्याची_आई:
लेकीची अकरावीची अ‍ॅडमिशन आलीये. बायो आवडतं, गणिताचा कंटाळा. क्लासवाले म्हणतात नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) करायचंय ना मग गणित सोडा, उगाच लोड नको, आणि ह्यांचं म्हणणं इंजिनिअरिंगचा रस्ता आत्ताच का बंद करायचा. विषयांनी पुढे खरंच एवढा फरक पडतो का?

दापोलीकर:
पडतो ताई. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंग विसरा, आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात अ‍ॅग्री इंजिनिअरिंगच्या बीटेकलाही ते लागतंच. उलट नीटला आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या फिशरीज (मत्स्यशास्त्र) कॉलेजला बायो पाहिजे. राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे ग्रुपही पीसीएम नि पीसीबी वेगवेगळे, चारही असतील तर दोन्ही देता येतात. फक्त कॉलेजवाले बायफोकल (व्होकेशनल विषय) गळ्यात मारतात ते बघा, त्याचे २०० मार्क असतात, ते घेतलं की चारही बसत नाहीत, गणित नाहीतर बायो एक जातंच. आणि अकरावी म्हणजे आराम हे डोक्यातून काढा, सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे येतात.

कुडाळचो_बापूस:
वैनी, आमच्या झिलान चारय घेतल्यान नि दिवाळीनंतर रडाक लागलो. नीटचो क्लास, गणिताचो क्लास, वर प्रॅक्टिकलची जर्नलं. शेवटाक बायोकडे बघूकच नाय, आता मर्चंट नेवीक जाता म्हणता. थय पीसीएमला ६० टक्के लागतत आणि इंग्लिशला दहावी नायतर बारावीक ५०, ह्या इंग्लिशचा कोण सांगणाच नाय!

सीईटीवाली:
मी पीसीबी केलंय. गणित सोडलं तरी सुटत नाही हो, फिजिक्समध्ये व्हेक्टर, लॉग, डेरिव्हेटिव्ह सगळं येतंच आणि नीटला फिजिक्सच बुडवतं. तरी मनापासून नको असेल तर चारहीच्या भानगडीत पडू नका, इंजिनिअरिंग फक्त बाबांना हवंय का तेवढं एकदा विचारा. क्लासवाल्यांना काय, त्यांची बॅच भरली की झालं.

लांज्याची_आई:
विचारलं, इंजिनिअरिंग नकोच म्हणते. डॉक्टरचंही तिचं नक्की नाही, पण फिशरीजचं ऐकून एकदम डोळे मोठे केले, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. मग पीसीबीच घेतो, बायफोकल नको. शिरगावला मुलींसाठी हॉस्टेल आहे का, कुणाला माहितीये?