शिकणं वेगळं, करणं वेगळं

पडद्यावर मारामारी पाहून कुणी गुन्हेगार होत नाही, त्यामुळे सिनेमाचा मुलांवर काहीच परिणाम होत नाही, असं काही जण म्हणतात. पहिला भाग ठीक आहे. पण ‘काहीच परिणाम होत नाही’ हे पटत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी १९६५ मध्ये लहान मुलांना एक छोटी फिल्म दाखवली. एक माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवतो. काहींच्या फिल्ममध्ये शेवटी त्याला चॉकलेटं मिळतात, काहींच्या फिल्ममध्ये चांगला ओरडा आणि चोप. चोप पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. खरी मेख पुढे आहे. ‘त्यानं काय केलं ते करून दाखव, खाऊ देते,’ म्हटल्यावर हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे शिकली सगळीच होती, फक्त दाबून ठेवलं होतं.

अर्थात बाहुला मारण्यासाठीच असतो, आणि निरीक्षण लगेचच झालं होतं. त्यावरून आयुष्यभराचं भाकीत करता येत नाही. तरी आपल्या सिनेमात नकार देणाऱ्या मुलीचा हिरो घरापर्यंत पाठलाग करतो आणि मध्यंतरानंतर तीच त्याच्या प्रेमात पडते, तेव्हा बक्षीस कशाला मिळतंय? मला रक्तपातापेक्षा या गोष्टीची जास्त धास्ती वाटते. पोरांबरोबर सिनेमा पाहताना तिथंच थांबवून विचारा, ‘ती घाबरलीय, दिसतंय का तुला?’